लाल पेनातलं सुप्रभात

सूर्याभोवती लाल गोल काढायला तिने पेन टेकवलं आणि हात तिथेच थांबला. कॉलेजच्या कँटीनमध्ये सकाळची वर्दळ, समोर टॅबलेट, बाजूला गार होत चाललेला चहा, आणि पडद्यावर बाबांनी आज पाठवलेलं सुप्रभात. फोटो मावळतीचा. सकाळच्या शुभेच्छा आणि मावळतीचा सूर्य, हे तर आता नेटवरच्या तिच्या पानाच्या वाचकांच्याही पाठ झालं होतं. त्यावर जांभळी अक्षरं, अक्षरांना पिवळी किनार, कोपऱ्यात अर्धाच मावलेला गुलाब, आणि तळाशी बदकं. काल बदक एकच होतं. काल तिने त्याच्याकडे बाण काढून लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'याला कोणी बोलावलं?' आणि तेवढ्या एका ओळीवर लोक दिवसभर दात काढत होते. आज बदकं तीन. ती आधी हसलीच. हसत हसत पेन उचललं, सूर्यापासून सुरुवात करावी म्हणाली, आणि मग तिला तिसरं बदक दिसलं. पहिली दोन एका ओळीत, सारख्या अंतरावर. तिसरं किंचित खाली, जरासं फिरवलेलं. किंचित म्हणजे किती, तर डोळ्याला खुपेल, पण का खुपतंय ते सांगता येणार नाही, इतकंच. ज्याला काही येत नाही त्याची चूक सांडलेल्या दुधासारखी असते, उतार असेल तिकडे धावते. ही धावलेली नव्हती. ही कोणीतरी बसवलेली होती.

बाबा दातांच्या कवळ्या करतात. दवाखान्यांतून ठसे येतात, त्यांचे प्लास्टरचे जबडे होतात, आणि त्या जबड्यांवर गुलाबी मेणात एकेक दात बसवत बाबांनी उभा जन्म काढला. लहानपणी शाळा सुटली की ती त्यांच्या कामाच्या जागीच जायची, कारण आई कामावरून यायला उशीर असायचा. उंच स्टुलावर बसून ती पाय हलवायची आणि बाबा दिव्यावर सुरी तापवून मेण सारखं करायचे. एकदा तिने विचारलं होतं, हा एकच वाकडा का बसवलात? तेव्हा बाबा म्हणाले होते, "सगळे सरळ लावले ना, तर माणूस हसला की कपाट उघडल्यासारखं वाटतं. एक जरा फिरवायचा. लोकांना वाटलं पाहिजे की हे याचं स्वतःचंच आहे." कुठला फिरवायचा ते कसं कळतं, असंही तिने विचारलं होतं बहुतेक. "बघत बसायचं, मग कळतं," असलं काहीतरी उत्तर मिळालं होतं, आणि ते तिला तेव्हा मुळीच पटलं नव्हतं. आता कँटीनमध्ये, कोणीतरी मागून खुर्ची ओढत असताना, तिला ते बदक फिरवणारी बोटं दिसली. चष्मा कपाळावर, जीभ दातांत धरलेली. बाबांनी ते बदक फिरवून पाहिलं असणार, पुन्हा सरळ केलं असणार, परत जरा कमी फिरवलं असणार. लोकांना वाटलं पाहिजे की ही यांची स्वतःचीच चूक आहे. बाबांना माहीत होतं. बाबा बघत होते.

तिने टॅबलेट उलटा ठेवला. पण उलटा ठेवून काय होणार होतं म्हणा. 'सापडलं ते' हे तिचं पान तिने पहिल्या वर्षी सुरू केलं तेव्हा त्यात बाबा कुठेच नव्हते. तेव्हा तिला नेटवरच्या अडगळीचं वेड होतं. कोणी एक बाई लोकांच्या घरच्या फ्रिजचे आवाज साठवते आणि प्रत्येकाखाली लिहिते, 'हा रुसलेला आहे', 'हा म्हातारा पण समाधानी'. कुठल्याशा तळ्यावर वर्षानुवर्षं एक कॅमेरा लावलेला आहे, त्यात कधीच काही होत नाही, तरी कुठल्याही वेळी जा, चारदोन माणसं बघत बसलेली असतात. एका साइटवर नुसतं एक दार आहे, बटण दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की बंद. असलं सापडलं की ती पानावर टाकायची, आणि मधूनमधून आपलं रोजचं. कटरने कापलेलं बोट. गोंदाने एकमेकांना चिकटलेले दोन आराखडे. पुठ्ठ्याचं स्टूल, ज्यावर सर बसले आणि सावकाश, अगदी मान राखून, जमिनीवर गेले. लोक जमत गेले. कोणी म्हणायचं, तुझी नजर काय आहे गं. ते वाचायला बरं वाटायचं. डिझाइनच्या पोरांना कोणी 'नजर आहे' म्हटलं की सात खून माफ होतात. नाकाने कांदे सोलायला तर ती सगळीच तिथे शिकली होती, दुकानाची पाटी दिसली की थांबायचं, अक्षरांमधल्या फटीकडे बघायचं आणि 'अरेरे' म्हणायचं. एकदा खडू, म्हणजे तिची रूममेट, जी कायम पांढऱ्या पुठ्ठ्याच्या भुशाने माखलेली असायची म्हणून खडू, औषधाच्या दुकानासमोर म्हणाली होती, "अगं ताप मला आलाय, पाटीला नाही. आत जाऊन गोळ्या आण."

मग सबमिशनचा तो आठवडा आला. काही सापडेना. तळ्याच्या कॅमेऱ्यातही नुसतं धुकं. पान तीन दिवस रिकामं राहिलं आणि तिला उगाचच असं वाटायला लागलं की कोणीतरी बाहेर ताटकळतंय. त्या अस्वस्थतेत फोन चाळताना ती बाबांच्या मेसेजांपाशी आली. ते तिने गप्प करून ठेवले होते. ठेवले होते म्हणजे काही राग म्हणून नव्हे. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी काहीतरी पाठवायला लागले होते, आणि ते यायचं नेमकं आई फोन करायची त्या वेळेला. फोन वाजायचा आणि अर्ध्या झोपेत तिचा हात आईच्या आवाजासाठी जायचा. हे दोनदा झालं, चारदा झालं. मग तिने तो आवाजच बंद केला, आणि न उघडलेले मेसेज साचत गेले. त्या दिवशी तिने अंगठ्याने सर्रकन वरून खालपर्यंत सरकवले, फार काही न बघता, आणि त्यातल्या त्यात जे सगळ्यांत भडक दिसलं ते उचललं. गुलाब, मावळती, जांभळी अक्षरं. अक्षररचना शिकवणारे सर तपासतात तसं लाल पेनाने तपासलं. 'इथे श्वास घ्यायला जागा नाही.' 'सूर्य निघाला आहे, त्याला अडवू नये.' खाली गुण दिले, दहापैकी पावणेदोन. वर लिहिलं, आमच्या बाबांचं सुप्रभात. आणि टाकून दिलं.

ते जे धावलं ते धावलंच. तळं, फ्रिज, दार, सगळं मिळून कधी इतके लोक आले नव्हते. 'काकांना पावणेदोन म्हणजे अन्याय आहे.' 'हे आमच्या बाबांचे हरवलेले भाऊ.' 'उद्याचं कधी?' उद्याचं कधी, हे बघून तिने दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या बाबांचा मेसेज उघडला. काय आश्चर्य, तेही तसंच भडक. त्याच्या दुसऱ्या दिवशीचं त्याहून. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला खाणच सापडली. आता वाटलं, काखेत कळसा तो हाच, आणि आपण काय केलं, तर त्यात लाल पाणी ओतलं. खडूने तेव्हाच विचारलं होतं. दात घासता घासता, तोंडात फेस तसाच ठेवून. "त्यांना सांगितलंयस?"

"त्यांना काय कळणार आहे त्यातलं? ते कुठे हे बघतात."

"म्हणून विचारतेय."

"अगं, प्रेमानेच करतेय मी. नाव नाही, फोटो नाही. लोकांना ते आवडतात."

खडूने चूळ भरली आणि ब्रश झटकला. खडूचं हेच वाईट होतं, पुढचं तुमच्या तुम्हाला बोलायला लागायचं. ही बोललीही होती मनातल्या मनात, बरेच दिवस, की प्रेमानेच, प्रेमानेच, आणि रोज सकाळी न चुकता मेसेज उघडत होती. वर बाबांना एखादं हसरं तोंडही पाठवत होती, बक्षीस दिल्यासारखं.

तीन बदकांच्या त्या दिवशी तिने काही टाकलं नाही. वर्गात जाऊन बसली. अक्षरांचे सर फळ्यावर दोन अक्षरांमधली मोकळी जागा दाखवत होते आणि सांगत होते की अक्षर कोणीही काढतो, जागा सोडणं म्हणजे काम. एरवी ती हे लगेच टिपून घेते. आज तिला वाटलं, उठून बाहेर जावं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही, सर दुसऱ्याच कोणाच्या कागदावर लाल गोल काढत होते आणि कान हिचे तापत होते. दुपारी पुठ्ठ्याच्या स्टुलांची पुन्हा चाचणी होती. तिच्या स्टुलावर सर बसले, थोडे हललेही, स्टूल जागचं हललं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने दोन महिने त्याच्यासाठी बोटं कापून घेतली होती, आणि आता तिथे उभं राहून ती हिशेब करत होती की बाबांना कधीपासून माहीत असेल. बदकाच्या दिवसापासून? की त्याच्या आधी, तो हिरवा सूर्य आला तेव्हापासून? हिरव्या सूर्याला तिने दहापैकी शून्य दिलं होतं आणि लिहिलं होतं, 'काकांनी आज चष्मा लावलेला नाही.' ते आठवून तिला अक्षरशः लाज वाटली. चारचौघांत आपल्या बापाच्या चष्म्यावर बोललो आपण. आणि बाबांनी ते जेवणाचा डबा उघडता उघडता वाचलं असेल, मग नेहमीसारखं ओठांच्या आत हसले असतील, किंवा नसतीलही हसले. हे 'नसतीलही' तिला सोसेना.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबा फोन करत नाहीत. मेसेज पाठवतात आणि रविवारी ती घरी गेली तर बोलतात, तेही कमीच.

"बरी आहेस ना?"

"हो. का हो?"

"नाही, सहज. सकाळचं मिळालं ना?"

"मिळालं."

"नाही, म्हणजे, नीट उघडलं ना सगळं? कधीकधी अर्धवट जातं."

"उघडलं बाबा. आज जरा घाई होती, चाचणी होती स्टुलाची."

"मग? बसले का कोणी?"

"सर बसले. टिकलं."

"वा," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "बघू मग. उद्या." आणि ठेवून दिला. तिला वाटलं, हे काय बघू, कोणी बघू? चोराच्या मनात चांदणं, प्रत्येक शब्दाला आता सावली दिसायला लागली होती. रात्री खडूला सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, तर खडू बसल्या जागी झोपलेली, मांडीवर मापाची पट्टी.

रविवारी ती घरी गेली. बसमध्ये खिडकीशी बसून तिने काय बोलायचं ते बांधून ठेवलं. बाबा, माझं चुकलं. तुम्हाला न विचारता केलं. आता बंद. इतकं सरळ होतं ते. सरळ होतं म्हणूनच ते तोंडात बसेना, प्रत्येक थांब्यावर ती एखादा शब्द बदलत होती. मधेच तिला आईचा राग आला. आई असती तर हे झालंच नसतं. आईने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं आणि फोन करून म्हणाली असती, काय गं, उचलली जीभ लावली टाळ्याला? आई अशीच होती, आधी झापायची आणि मग जेवलीस का विचारायची. बाबांना झापता येत नाही. आई गेली तेव्हा घरात माणसांची रीघ होती, आणि बाबा प्रत्येकाला पाणी देत फिरत होते. सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात रडत बसली तर बाबा दारात उभे राहिले, आत येऊ की नको अशा अवघडलेल्या चेहऱ्याने, आणि म्हणाले, "दिवा लावू का?" बापलेकीत त्या दिवशी झालेलं बोलणं एवढंच. ते तिने त्यांना कधी माफ केलं नव्हतं, हे तिला त्या बसमध्येच पहिल्यांदा नीट कळलं.

घर नेहमीसारखं होतं, जरा जास्तच आवरलेलं. बाबांनी दार उघडलं, पिशवी घेतली, "वाळलीस," म्हणाले, आणि चहा टाकायला गेले. जाता जाता आपला फोन टेबलावर सरकवून म्हणाले, "ते जरा बघ गं. जागा संपली म्हणतो सारखा. फोटो काढून टाक नको असलेले." तिने फोन उघडला. फोटोंच्या जागी खालपासून वरपर्यंत सुप्रभात होती. पण एकेक नव्हती. एकाच चित्राचे पाच पाच, सात सात खर्डे, ओळीने. हे वाचायला कॉलेजात तिला शिकवलं होतं. शेवटचं काम बघू नका, सर म्हणायचे, आधीचे खर्डे बघा, माणूस तिथे सापडतो. बदकांचं होतं त्याच्या मागे मागे ती गेली. तीन बदकं. दोन बदकं आणि गुलाब नाही. बदकं नाहीत, पिवळी किनार नाही. मावळती नाही. आणि सगळ्यांत आधीचा खर्डा, ज्यापासून हे सगळं सुरू झालं होतं. त्यात नुसती त्यांच्या घराची खिडकी होती. तावदानावर सकाळचं फिकट ऊन, कठड्यावर आईचा पाणी घालायचा डबा, आणि बाकी सगळी जागा मोकळी सोडलेली. खाली डाव्या हाताला, एका बाजूला, बारीक करड्या अक्षरांत दोन ओळी. 'सुप्रभात. तुझ्या खोलीतला दिवा गेला होता, काल बदलला.'

तिने आणखी मागे सरकवलं. हिरव्या सूर्याच्या खर्ड्यांच्या तळाशी एक रिकामी खुर्ची होती, 'सुप्रभात. आज मीठ जास्त पडलं, तरी खाल्लं.' त्याच्याही मागे, महिनोन्‌महिने मागे, खर्डे संपले. तिथे एकेकच चित्र होतं, साधं, पूर्ण, न बिघडवलेलं. जिन्याचं वळण. प्लास्टरच्या जबड्यांची रांग आणि त्यावर पडलेली तिरपी उन्हाची पट्टी. आईचा चष्मा, घडी घालून. ही बाबांनी पाठवली होती. तिने आपला फोन काढून ताडून पाहिलं. सगळी आली होती, ओळीने, त्या न उघडलेल्या ढिगात. अंगठ्याखालून सर्रकन गेलेली.

बाबा चहा घेऊन आले. तिच्या हातातला फोन बघून त्यांनी चष्मा वर केला. "काढलेस का?"

"बाबा, हे तुम्ही करता सगळं?"

"मग कोण. पॉलिशवाल्या बाई आहेत ना आमच्या कामावर, त्यांच्या मुलीने ते ॲप घालून दिलं. सोपं आहे."

"मग हे का नाही पाठवलंत?" तिने खिडकीचं चित्र समोर धरलं.

बाबांनी ते हातभर लांब धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "हे साधं झालं गं. यात तुला लाल करायला काही नाही."

तिने कप खाली ठेवला. म्हणजे लपवायचं राहिलंच नव्हतं काही. "म्हणजे तुम्ही बघता."

"आम्ही सगळेच बघतो. जेवणाच्या सुट्टीत. बाईंच्या मुलीने दाखवलं, पहिल्याच दिवशी." बाबांना हसू आलं. "पहिलं टाकलंस ना तू, गुलाबाचं, ते माझं नव्हतंच. ते पॉलिशवाल्या बाईंनी मला पाठवलेलं, मी तसंच तुला ढकललं होतं. बाई दोन दिवस बोलत नव्हत्या माझ्याशी. पावणेदोन फार लागलं त्यांना. आता तेच सगळे सुचवतात, उद्या काय चुकवायचं. बदक बाईंचं."

"बाबा, मी असं करायला नको होतं. तुम्हाला न विचारता. लोक तुम्हाला हसत होते आणि मला ते गोड वाटत होतं. माझं चुकलं." बसमध्ये बांधून ठेवलेलं ते एका दमात बोलून टाकलं तिने. "मी बंद करतेय ते. आजपासूनच."

बाबांचा चेहरा एकदम पडला. तिने त्यांना रागावलेलं बघायची तयारी करून ठेवली होती, हे नाही. "का?" ते म्हणाले. "त्या दिवशी टाकलं नाहीस तेव्हाच मी म्हटलं, काहीतरी कमी पडलं. तीन जास्त झाली का? बाईंना मी म्हणत होतो, दोन पुरेत."

"तसं नाही हो. मला बिघडवलेलं नकोच आहे. हे पाठवत जा ना मला. ही खिडकी, ही खुर्ची. असंच, साधं."

"ते पाठवत होतो की," बाबा म्हणाले. बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं म्हणाले, तक्रार अशी नव्हतीच त्यात. "आई गेल्यापासून रोज. तू उघडायची नाहीस. खुणा निळ्या व्हायच्या नाहीत. मी झोपताना बघायचो, मग सकाळी बघायचो. आता कसं, पाठवलं रे पाठवलं की निळ्या होतात. मला कळतं, उठलीस."

तिला काही म्हणायचं होतं. आता उघडेन, शपथ, असलं काहीतरी. पण त्यावर बाबांनी विश्वास का ठेवावा, हे तिलाच सुचेना. आणि ते तर वाट बघत थांबलेही नव्हते. खुर्ची तिच्याजवळ ओढून, चष्मा नाकावर घेऊन, त्यांनी फोनवर उद्याचं चित्र उघडलं होतं. एक डोंगर, त्यावर उलटं इंद्रधनुष्य, आणि मधोमध सुप्रभात.

"हे बघ. तूच सांग आता, तुझं शिक्षण आहे यातलं. हे पिवळं अजून भडक करू?"

बाबांचं बोट पडद्यावर टेकलेलं होतं आणि डोळे तिच्याकडे.

"करा," ती म्हणाली. "जरा भडक चालेल."